सर्दीला मास्क, फ्लूला रजा



फरीदाबाद, बल्लभगड, पलवल या आमच्या पट्ट्यात जुलै लागला की जिकडे तिकडे एकच शब्द ऐकू येतो, 'वायरल'. नाक गळते आहे, वायरल. अंगात ताप आहे, वायरल. खोकून खोकून बरगड्या दुखतात, तेही वायरल. नोकरीनिमित्त इकडे स्थायिक झालेल्या आमच्या मराठी घरांतसुद्धा पडसे, कणकण, हिवताप हे वेगवेगळ्या दुखण्यांचे वेगवेगळे शब्द मागे पडले आणि सगळ्यांवर हे एकच पांघरूण पडले. शब्द एक झाला की उपायही एकच होतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून चार रंगीत गोळ्यांची पुडी घ्यायची, चहाबरोबर गिळायची आणि सकाळची शटल गाठायची.

आमचा आक्षेप या पांघरुणाला आहे. सर्दी आणि फ्लू ही दोन निराळी दुखणी आहेत. त्यांचे विषाणू निराळे, त्यांची चाल निराळी. आणि कामगाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असे की, सर्दीत माणूस काळजी घेऊन ड्यूटी करू शकतो, फ्लूत त्याने ड्यूटीवर येताच कामा नये. हा फरक डॉक्टरांपुरता ठेवून भागणार नाही. तो कामगाराला कळला पाहिजे, मुकादमाला कळला पाहिजे आणि टाइम ऑफिसमध्ये बसणाऱ्या बाबूलाही कळला पाहिजे, कारण रजेचा कागद त्यांच्याच टेबलावर जातो.

आम्ही डॉक्टर नाही. परंतु युनियनच्या कामात आजारपणाचे अर्ज लिहून देता देता, डॉक्टरमंडळींना विचारता विचारता जे पक्के समजले तेच येथे मांडत आहोत.

सर्दी पायरी पायरीने चढते. आज घसा खवखवतो, उद्या शिंका आणि पाण्यासारखे नाक, परवा नाक चोंदते. मोठ्या माणसाला ताप बहुधा येतच नाही, आलाच तर अंग कोमट लागण्याइतका. तोंडाची चव जाते, डोके जड होते, पण माणूस उठून कामाला लागू शकतो. सात ते दहा दिवसांत ती जाते. औषध घेतले तर आठवड्यात आणि न घेतले तर सात दिवसांत, हा विनोद जुना असला तरी खरा आहे.

फ्लू दार ठोठावत नाही. सकाळी धडधाकट ड्यूटीवर गेलेला माणूस दुपारी थंडी वाजून कुडकुडू लागतो. ताप एकदम १०१, १०२, कधी त्याहूनही वर. डोके ठणकते, पाठ, मांड्या, पिंढऱ्या कुणी बडवून काढल्यासारख्या दुखतात, कोरडा खोकला लागतो आणि अंगातली ताकद अशी जाते की संडासापर्यंत जायलाही भिंतीचा आधार लागतो. नाक गळेलच असे नाही. ताप साधारण तीन-चार दिवस राहतो, खोकला आणि थकवा मात्र पंधरा दिवससुद्धा रेंगाळतो. कधी सुरू झाले असे विचारल्यावर 'परवापासून जरा वाटत होते' म्हणणारा बहुधा सर्दीचा, आणि 'काल दोन वाजता' म्हणून वेळ सांगणारा बहुधा फ्लूचा, ही खूण आम्हाला सर्वांत उपयोगी वाटते.

'बहुधा' हा शब्द आम्ही जाणून वापरतो. नुसत्या लक्षणांवरून शंभर टक्के खात्री डॉक्टरालाही देता येत नाही. २०२० नंतर तर कोविडही याच रांगेत येऊन उभा आहे आणि तो कधी सर्दीचे, कधी फ्लूचे रूप घेतो. शंका असेल तर तपासणी करावी. पण घरी थांबायचे की नाही हे ठरवायला तपासणीच्या कागदाची वाट पाहण्याचे कारण नाही. अचानक ताप, अंगदुखी आणि खोकला एकत्र आले की घरी थांबावे, नाव मागाहून ठरेल.

आमच्या या भागात आणखी तीन फसवी दुखणी आहेत. दिवाळीच्या सुमारास दिल्लीच्या आसपासची हवा इतकी बिघडते की निरोगी माणसाचाही घसा जळतो, डोळे चुरचुरतात, खोकला येतो. ताप नाही, अंगदुखी नाही, आणि चार दिवस गावी गेल्यावर आपोआप बरे वाटते, तर तो धूर समजावा. तो दुसऱ्याला लागत नाही. दुसरा डेंग्यू. पावसाळ्याच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत त्याचा जोर असतो. ताप जबर, सांधे आणि डोळ्यांच्या मागे दुखणे, अंगावर कधी पुरळ, पण शिंका आणि गळणारे नाक सहसा नाही. अशा दिवसांत ताप आल्यावर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन जातीच्या दुखणेनाशक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, रक्तस्रावाचा धोका असतो. पॅरासिटामॉल तेवढी चालते, तीही प्रमाणात, आणि रक्ताची तपासणी करून घ्यावी. तिसरा टीबी. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर फ्लूनंतरचा खोकला म्हणून आपणच निकाल लावू नये. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते, ती करावी. पालीकडच्या खडी क्रशरवर धूळ खाणाऱ्या आमच्या बांधवांना हे विशेष सांगणे आहे.

आता कुणी म्हणेल की एवढ्याशा तापाचा युनियनच्या मासिकात बाऊ कशाला? त्यांनी आपल्याच रेल्वेचा इतिहास आठवावा.

जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. तेथून तो ताप शहरभर झाला. पहिली लाट त्या मानाने सौम्य होती, सप्टेंबरनंतरची दुसरी लाट काळ होऊन आली. मुंबईहून निघालेला हा रोग देशभर पोहोचवला तो रेल्वेने, आणि हे तेव्हाच्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांनीच नोंदवून ठेवले आहे. मुंबईहून दिल्लीकडे येणारी जी.आय.पी. रेल्वे फरीदाबादवरूनच जात असे. फरीदाबाद तेव्हा पंजाब प्रांताच्या गुडगाव जिल्ह्यातले एक लहान गाव होते. हिंदुस्थानात त्या साथीत किती माणसे दगावली याचे अंदाज एक कोटी वीस लाखांच्या पुढचे आहेत. १९११ ते १९२१ हे एकच दशक असे आहे की ज्यात जनगणनेत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

परंतु आमच्या दृष्टीने त्या साथीतला खरा आकडा मुंबई शहरातला आहे. तेथे युरोपियनांत मृत्यूचे प्रमाण हजारी आठच्या आसपास होते आणि सरकारी कागदांत ज्यांना खालच्या जातीचे हिंदू म्हटले होते त्यांच्यात हजारी साठाच्या वर. विषाणू एकच, शहर एकच, महिना एकच. फरक खोलीत माणसे किती, ताटात काय आणि आजारी पडल्यावर झोपायला मिळते की नाही याचा होता. चाळीतला गिरणी कामगार ताप अंगावर काढून साच्यावर उभा राहिला, आणि बंगल्यातला साहेब पडून राहिला. त्या हिवाळ्यानंतर, जानेवारी १९१९ मध्ये, मुंबईच्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी संप केला. महागाई हे त्याचे मुख्य कारण होते हे खरे, पण घरोघरी नुकतीच माणसे गेलेली होती हेही विसरता येत नाही.

२००९ साली स्वाइन फ्लू आला तेव्हा देशातला पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात झाला, एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. नायडू रुग्णालयासमोर लागलेल्या रांगा आणि तोंडाला बांधलेले रुमाल पुणेकरांना अजून आठवत असतील. तोच एच१एन१ विषाणू पुढे नेहमीच्या हंगामी फ्लूत मिसळून गेला आणि दरवर्षी कमीजास्त प्रमाणात फिरतो. २०१५ साली पुन्हा त्याने देशभर अनेकांचे बळी घेतले. तेव्हा 'साधा फ्लू' म्हणताना जरा जपून.

हा रोग पसरतो कसा, हे कळले की आपले कामाचे ठिकाण किती सोयीचे आहे तेही कळते. खोकताना, शिंकताना, नुसते मोठ्याने बोलतानाही तोंडातून बारीक तुषार उडतात आणि जवळच्याच्या श्वासात जातात. हाताला लागलेले नाकाडोळ्याला लागते. फ्लूची लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत माणूस आजारी पडतो. ताप येण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस तो दुसऱ्याला देऊ शकतो, आणि त्यातले पहिले तीन-चार दिवस सर्वांत वाईट.

आता आपली ठिकाणे पाहा. इंजिनाच्या बंद कॅबमध्ये लोको पायलट आणि सहायक तासन् तास खांद्याला खांदा लावून. रनिंग रूममध्ये एकाने सोडलेल्या पलंगावर दुसरा. चादर बदलली तर बदलली. लॉबीत ड्यूटीवर येताना सगळ्यांनी फुंकायचे ते श्वास तपासण्याचे यंत्र एकच, नळी प्रत्येकाला नवी मिळते की नाही हे बघणारा कुणी नाही. गँगमध्ये पाण्याचा एकच डबा आणि एकच पेला. तिकीट खिडकीवरच्या बहिणीच्या तोंडासमोर दिवसभरात शेकडो तोंडे. आणि सकाळची पलवलहून येणारी ईएमयू! जानेवारीच्या धुक्यात सगळ्या खिडक्या लावून घेतलेल्या, दारात लोंबकळणारे सोडले तर डब्यात वाऱ्याची झुळूक नाही. एक खोकला न्यू टाउनला चढतो आणि ओखल्यापर्यंत डबाभर होतो.

यावर खर्चाचे उपाय थोडेच आहेत. शेडमधल्या ग्रीसच्या हातांना साबण लागतो, आणि साबण व नळाला पाणी हे प्रशासनाने द्यायचे आहे. ते मिळाले की वीस सेकंद चोळून हात धुणे हे आपले काम. खोकला आल्यास तळहातात न खोकता कोपराच्या वळणात किंवा रुमालात खोकावे, कारण तळहाताने आपण पुढच्या क्षणाला हँडल, पाना, फोन धरतो. सर्दी असताना कामावर यावेच लागले तर मास्क लावावा. २०२० साली आपण सगळ्यांनी तो लावला, त्यात आता लाजण्यासारखे काही उरलेले नाही. ईएमयूची एक खिडकी हातभर उघडी ठेवा, थंडी वाजली तर मफलर आहे. गँगच्या पाण्याला प्रत्येकाचा पेला वेगळा. ही सर्व कामे पंधरा मिनिटांच्या गेट मीटिंगमध्ये ठरू शकतात.

पण फ्लूच्या माणसाला मास्क लावून कामावर बोलावणे हा इलाज नव्हे. त्याला घरी, शक्य तर वेगळ्या खोलीत किंवा निदान वेगळ्या कोपऱ्यात, खिडकीजवळ पडू द्यावे. भरपूर पाणी, पेज, सूप, तापाला पॅरासिटामॉल. ताप उतरविणारी गोळी न घेता पूर्ण एक दिवस ताप आला नाही, तर मग कामाचा विचार करावा. गोळीने उतरलेला ताप हा उतरलेला ताप धरू नये. याच चुकीतून माणसे तिसऱ्या दिवशी ड्यूटीवर येतात आणि साऱ्या पाळीला पाडतात. अँटिबायोटिक फ्लूवरही चालत नाही आणि सर्दीवरही नाही. ती जंतूंची औषधे, विषाणूंची नव्हेत. फ्लूवर ओसेल्टामिविर नावाचे औषध आहे, ते पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर अधिक उपयोगी पडते, पण ते डॉक्टरांच्याच सल्ल्याने घ्यायचे असते. सौम्य फ्लूच्या धडधाकट माणसाला तपासणीचीही गरज नाही आणि त्या औषधाचीही, असे आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शनातच आहे.

घाई करायची ती मात्र पुढील वेळी. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ-नखे निळसर होणे, माणूस असंबद्ध बोलू लागणे, लघवी फार कमी होणे, किंवा ताप एकदा उतरून दोन दिवसांनी दुप्पट जोराने परत येणे. मुलांमध्ये जोरजोराने श्वास, पाणी-दूध नाकारणे, हाका मारूनही धड जागे न होणे. अशा वेळी उद्याची वाट पाहू नये, रात्री दोन वाजता असले तरी इस्पितळ गाठावे. गरोदर भगिनी, पाच वर्षांखालची मुले, पासष्टीपुढचे आमचे निवृत्त सहकारी, आणि मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्यांनी तर फ्लूचा संशय येताच पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

रनिंग स्टाफला वेगळे सांगणे आहे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत झोप आणणारे औषध असते. दुकानदार ते सांगत नाही. ती गोळी घेऊन इंजिनावर चढणे म्हणजे सिग्नलशी खेळ आहे. खोकल्याच्या काही पातळ औषधांत आणि होमिओपॅथीच्या थेंबांत मद्यार्क असतो, तो श्वासाच्या यंत्रात दिसू शकतो आणि दारूला न शिवणाऱ्यावर बालंट येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिरुवनंतपुरम विभागात लोको पायलटांनी अशा औषधांपासून ते शहाळ्यापर्यंत काय काय टाळावे याचा एक आदेश निघाला होता, त्यावर इतकी टीका झाली की तो मागे घ्यावा लागला. आमचे म्हणणे सोपे आहे. ज्याला औषध लागते तो आजारी आहे, आणि आजारी माणसाला गाडी देऊ नका.

येथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. कायम कर्मचाऱ्याला निदान रजा तरी आहे. वर्षाला वीस दिवस अर्धपगारी रजा जमा होते आणि वैद्यकीय दाखल्यावर ती दुप्पट दिवस वजा करून पूर्ण पगारी करून घेता येते. अडचण आहे ती पद्धतीची. १०२ ताप असलेल्या माणसाने आधी सुपरवायझरकडे जाऊन सिक मेमो घ्यायचा, मग रेल्वेच्या दवाखान्यात रांगेत बसायचे, आणि बरे झाल्यावर फिट सर्टिफिकेटसाठी पुन्हा तेच. म्हणजे ज्या दिवशी त्याने कुणाच्या जवळ जाऊ नये, त्याच दिवशी त्याला शटलने दोन वेळा फिरवायचे! साथीच्या महिन्यांत फोनवर कळवले की सिक धरावे आणि कागद मागाहून घ्यावा, एवढी सवलत मागणे काही आकाशातले तारे मागणे नव्हे.

ठेक्यावरच्या बंधू-भगिनींची गोष्ट याहून कठीण आहे. डबे धुणारे, फलाट झाडणारे, चादरी मोजणारे. काम नाही तर दाम नाही. आमच्याकडे आलेल्या एका तक्रारीत ताप आलेल्या सफाई कामगाराला मुकादमाने सुनावले होते की दोन दिवस आला नाहीस तर तिसऱ्या दिवशी तुझ्या जागी दुसरा असेल. तो आला. त्या पाळीतले किती जण पुढे पडले ते कुणी मोजले नाही, कारण ठेक्याच्या माणसांचे आजारपण कुठल्याच रजिस्टरात लिहिले जात नाही.

ईएसआय आहे ना, असे ठेकेदार सांगतात. आहे, आणि ज्याची वर्गणी कापली जाते त्याने कार्डाचा पुरेपूर उपयोग करावा. फरीदाबादेत एन.आय.टी. भागात ईएसआयचे मोठे इस्पितळ व वैद्यकीय महाविद्यालय आहे. आजारपणाचा लाभ सरासरी मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळत आला आहे. पण त्यासाठी सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, आणि सतत ठेकेदार बदलणाऱ्याचे हे गणित जमतच नाही. शिवाय आजारपणाचे पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे धरून त्यांचे काहीच द्यायचे नाही असा जुना नियम आहे. खोटे आजारपण रोखायला तो केला असेल. पण फ्लूत घरी थांबण्याचे सर्वांत महत्त्वाचे दिवस तेच पहिले दोन! ज्या दिवशी माणूस सर्वांत जास्त रोग वाटतो, त्याच दिवशीची मजुरी कापायची, असा हा उफराटा हिशेब आहे. तो बदलावा यासाठी सर्वच केंद्रीय संघटनांनी आवाज उठवला पाहिजे. मध्यंतरी नवे कामगार कायदे आले, नियम बदलले, पण हा प्रश्न कुणी ऐरणीवर घेतल्याचे आम्हाला दिसले नाही.

लशीबद्दल लोक विचारतात. तिचा पुरावा तर आमच्या अंगणातच आहे. बल्लभगडला दिल्लीच्या एम्सचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प १९६५ पासून चालू आहे, दयालपूर आणि छांयसा ही त्याची केंद्रे. याच भागातील खेड्यांत २००९ पासून तीन वर्षे लहान मुलांना फ्लूची लस देऊन शास्त्रीय चाचणी झाली. पहिल्या वर्षी लशीने सुमारे पाव प्रमाणात संरक्षण दिले, तिसऱ्या वर्षी निम्म्याच्या आसपास. म्हणजे लस जादू नव्हे, पण निरुपयोगीही नव्हे. विषाणू रूप बदलतो म्हणून लसही दरवर्षी बदलते आणि दरवर्षी घ्यावी लागते. दिल्लीकडे फ्लूचा एक जोर पावसाळ्यात आणि दुसरा हिवाळ्यात असतो, त्यामुळे पाऊस सुरू होण्याच्या आधी ती घेतलेली बरी. बाजारात ती गरिबाला परवडत नाही. म्हणून साठीपुढचे, मधुमेही, दमेकरी आणि दवाखान्यात काम करणारे यांना ती रेल्वे व ईएसआयच्या दवाखान्यांतून फुकट मिळावी, निवृत्तांच्या आरोग्य योजनेतही ती धरावी, ही आमची मागणी आहे.

एप्रिलच्या शाखा बैठकीत हे चार विषय घेत आहोत: साथीच्या महिन्यांत फोनवर सिक, रनिंग रूममध्ये प्रत्येक वेळी धुतलेली चादर व लॉबीत प्रत्येकाला नवी नळी, ठेका कामगारांना तापाच्या पहिल्या दिवसापासून भरपगारी रजेची अट टेंडरमध्येच घालणे, आणि लस. ठेक्यावरच्या बंधू-भगिनींनी गेल्या पावसाळ्यात आजारपणामुळे किती दिवसांची मजुरी बुडाली ते साध्या कागदावर लिहून शाखा कार्यालयात द्यावे. नाव घालायची भीती वाटत असेल तर नाव घालू नका, दिवस तेवढे लिहा.